चढाला कुणी उतरायचं नाही

"याडी, कुकर कुठाय?"

रुपानं आईला, मिराबाईला विचारलं. चुलीपुढं बसून ती रवीनं डाळ घोटत होती, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात घोटत होती. रुपानं मांडणीवरची पातेली सरकवून पाहिली, पाट्याच्या मागं पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं. तो कुकर काही वाटीआड दडणारा नव्हता. दहा लिटरचा होता. नोकरी लागली त्या महिन्यात रुपानं वसमतच्या बाजारातून तो आणला होता आणि एसटीत मांडीवर घेऊन तांड्यापर्यंत पोचवला होता. तांड्यात कुणाकडं पाहुणे आले की तो घरोघर फिरायचा.

"कुणी मागून नेला का?"

"नेला."

"कुणी?"

"तुह्या बानं."

"बाला कुकर काहून लागला?"

"मला काय इचारती? जाऊन बघ खाली नाक्यावर. माह्या सवतीच्या पोटात घातलाय."

सवत म्हणजे गाडी. जुनी फियाट. हिंगोलीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विकायला काढली तेव्हा रुपाच्या बानं, थावरानं ती घेतली, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली होती. कनेरगाव नाक्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, पाण्याचा पंप, जे समोर येईल ते तो उघडायचा. पण जीव या गाडीत. मिराबाईनं तिला पहिल्याच वर्षी सवत म्हटलं, आणि ते नाव सगळ्या तांड्यात रूढ झालं.

रुपानं पर्समधला कागद चाचपून पाहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वसमतहून काही डाळ खायला आलेली नव्हती. हिंगोलीच्या डॉक्टरांनी थावराच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून तिला बाजूला बोलावलं होतं आणि नांदेडला मोठी तपासणी करायला सांगितलं होतं. तिनं फोन करकरून तारीख मिळवली. पहिली तारीख थावरानं हळदीच्या ट्रॅक्टरचं निमित्त करून घालवली. दुसऱ्या वेळी निमित्तसुद्धा दिलं नाही, नुसता गॅरेजला कुलूप लावून गायब झाला. ही तिसरी होती, येत्या गुरुवारची.

"याडी, तू सांगत का न्हाईस त्याला?"

"मी बोलत न्हाई त्याच्याशी."

"कधीपासून?"

"कुकर नेल्यापासून."

रुपा चप्पल घालून उतार उतरायला लागली.

तांडा टेकावर आणि नाका खाली. मधल्या वाटेला नाला ओलांडला की एकदम छातीवर येणारा चढ. मुरूम सुटलेला, मध्ये एक वळण, वळणावर पळसाचं झाड. थावराच्या आज्याच्या काळात लदेणीचे बैल पाठीवर गोण्या घेऊन याच वाटेनं वर यायचे, असं जुनी माणसं सांगत. बैल चढत असतील, फियाट चढत नव्हती. एकटा थावरा आत असला तर कण्हत कण्हत वर यायची. माणसं बसली की पळसापाशी तिचा दम संपायचा. म्हणून रीतच पडली होती. नाला आला की कुणी न सांगता सगळ्यांनी उतरायचं, पिशव्या आत ठेवायच्या आणि गाडीच्या मागं चालत चढायचं. एकानं हातात दगड घ्यायचा. गाडी थांबलीच तर मागच्या चाकाला तो दगड लावायचा. शाळेत होती तोवर ते काम रुपाचं असे. नाक्यावरची टवाळ पोरं थावरा दिसला की गाण्यासारखं म्हणायची, "उतराऽ, उतराऽ."

गॅरेजमध्ये गाडीचं तोंड वासलेलं होतं. थावरा बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरला होता आणि भंगारवाला जळबा स्टुलावर बसून चहा पीत होता.

"ये बाई," जळबा म्हणाला. "बघ तुह्या बापाचा भात शिजाया लागलाय."

रुपानं डोकावून पाहिलं. इंजिनाच्या कडेला लोखंडी पट्ट्यांनी आवळून तिचा कुकर बसवला होता. त्याच्या बुडाला भोक, कुशीला भोक, कुशीतून एक जाड रबरी नळी आत गेलेली. झाकण बाजूला ठेवलेलं होतं. आत, जिथं ती डाळ-तांदळाचे डबे एकावर एक ठेवायची, तिथं कार्बोरेटर बसला होता.

"बा."

"हां." थावरा बाहेर आला. त्याच्या डाव्या डोळ्यावर भुवई नव्हती.

"भुवई कुठं गेली?"

"येईन परत. त्येला काय."

"मागच्या पंधरवड्यात भडकली ना," जळबानं चहाचा घोट घेत माहिती पुरवली. "ह्या थोबाडातून असा जाळ आला. मी म्हनलं, थावरा गेला. तर हा म्हनतो, जळब्या, हवा बराबर येऊन राहिली."

रुपानं कपाळावर हात मारून घेतला नाही, पण हात अर्ध्यापर्यंत गेला होता.

वाशीमच्या रस्त्यावर पलटी झालेली एक डिझेल जीप जळबाकडं भंगारात आली होती. तिच्यातला टर्बो थावरानं उचलून आणला होता. इंजिनाचा जो धूर सायलेन्सरातून फुकट जातो त्याच्यावर एक पंखा फिरवायचा, आणि त्या पंख्याच्या जोरावर दुसऱ्या पंख्यानं इंजिनात हवा कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. थावरा हे हातवारे करून सांगत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडा थांबत होता. रुपा त्याचं बोलणं ऐकत नव्हती. ती ते थांबणं मोजत होती.

"डिझेलला सोपं हाय. हिला कारबेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा. आता हवा कोंबली की ती कारबेटरात शिरून पेट्रोललाच मागं ढकलती. गाडी उपाशी मरती. मंग म्या इचार केला, कारबेटरच्या आत दाब, तर भाईरून बी तेवढाच दाब पायजे. म्हंजे पेट्रोलला समजणारच न्हाई दाब हाय म्हनून. त्येला अख्ख्याला डब्यात कोंडायचं."

"कोणत्या डब्यात?" रुपानं विचारलं.

"डालड्याचा डबा लावला होता."

"फुगला," जळबा म्हणाला. "बैलानं वैरण खाल्ल्यावानी फुगला आन् फाटला. नाक्यावरची सगळी मानसं पळाली."

"मंग दाब धरणारं भांडं आनावं कुठून?" थावरानं अशा स्वरात विचारलं की जणू जगात दुसरं उत्तर असूच शकत नव्हतं. "रबर हाय, झाकण हाय, आन् जास्त झाला तर सोडायला शिट्टी बी हाय. फक्त शिट्टी लई जड होती. एवढा दाब इंजिनाला झेपायचा न्हाई, पिस्टन फुटंल. कानसनं घासून हलकी केली."

"माझा कुकर होता, बा."

"तुहाच हाय. कुठं गेला?"

"गुरुवारी नांदेड आहे."

थावरानं पाना उचलला आणि परत बॉनेटखाली शिरला. "ह्या गुरुवारी न्हाई जमत. एकदा गाडी चढू दे."

"गाडी चढल्यावर जाशील?"

"मिराला घिऊन चढू दे."

जळबानं कप खाली ठेवला आणि उगीचच रस्त्याकडं पाहिलं. ती गोष्ट त्या घरात कुणी बोलत नसे.

ती आठवीत होती तेव्हाची. मिराबाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं आणि टाके ओले असतानाच दवाखान्यातून सोडलं होतं. थावरानं गाडीत गादी अंथरून तिला आणलं. नाला ओलांडून गाडी चढाला लागली, पळसापाशी आली आणि मागं सरकायला लागली. रुपानं धावत जाऊन दगड लावला. दोनदा तसं झालं. तिसऱ्या वेळी थावरा मान न वळवता म्हणाला, "मिरा, जरा उतरतीस का." मिराबाई उतरली. पोटावर दोन्ही हात धरून ती तो चढ चालत चढली. तिच्या मागं दगड घेऊन रुपा होती. पुढं गाडी मोकळी होऊन सरसर वर गेली, आणि आरशातून थावराचे डोळे मागं पाहत होते. तेव्हापासून मिराबाई त्या चढाला कधी गाडीत बसली नाही. पुढं इंजिन उघडलं, नवे पिस्टन घातले, तिला एकटीला घेऊन गाडी नक्की चढली असती. पण नाला आला की ती दार उघडून खाली उतरायची. भांडली नाही, बोलली नाही. फक्त उतरायची.

त्या संध्याकाळी जेवताना रुपा मधोमध बसली होती. थावरा एका भिंतीला टेकलेला आणि मिराबाई चुलीपाशी. दोघं तिच्यामार्फत बोलत होते.

"तिला म्हनावं, डाळ वाढ."

"त्याला म्हन, पातेलं त्याच्याच म्होरं हाय."

"तिला म्हनावं, डाळ कच्ची हाय."

"त्याला म्हन, कुकर दे, शिजवते."

"मी पोस्टमन न्हाई!" रुपा ओरडली. ताट सरकवून ती उठली. "इथं छातीची पट्टी वाकडीतिकडी आलीय, डॉक्टर म्हणतात उशीर करू नका, आणि तुमचं काय चाललंय? बा, तुला वर येताना धाप लागते. नाल्यापाशी बसतोस, पळसापाशी बसतोस. मला दिसत न्हाई व्हय?"

थावरा डाळीत भाकरी बुडवत राहिला. "चढ हाय त्यो. समद्यालाच लागती."

मिराबाईचा हात चुलीवर थांबला. मग तिनं भाकरी उलटली.

मंगळवारी गाडी तयार झाली. तयार म्हणजे काय, तर झाकणाखाली रबर बसलं, दाब झेपावा म्हणून इंजिनाच्या हेडखाली तांब्याचा जाड पत्रा गेला, ॲक्सिलेटरची दांडी कुकरच्या कुशीतून आत जाते तिथं हवा सुटू नये म्हणून स्टोव्हच्या पंपाचं चामडी वॉशर बसलं. नाक्यावर बातमी फिरली. किराणावाला संतराम दुकान उघडं टाकून आला. पुढं जळबा, मागं संतराम आणि तांड्यातली तीन दांडगी माणसं, असे सगळे कोंबून बसले. बाजार करून परत निघालेली मिराबाई नाल्यापाशी पिशवी घेऊन उभी होती. ती काही ठरवून थांबलेली नव्हती, असं तिनं नंतरही सांगितलं.

गाडी नाल्यात उतरली. सवयीनं बाकीची तीन दारं उघडायला लागली.

"बसा!" थावरा गरजला. "चढाला कुणी उतरायचं न्हाई!"

"अरे गाडीला दारंच चार," संतराम शेजारच्याला म्हणाला, "आन् उतरणारे पाच. बस की गपचिप."

रुपानं दगड उचलला आणि ती मागोमाग निघाली. गाडी चढाला लागली. तोच ओळखीचा कण्हणारा आवाज. वळणापाशी तो खोल गेला, पळसाजवळ आणखी खोल, आणि रुपा दगड पुढं करून वाकली. तेवढ्यात इंजिनाच्या पोटातून एक बारीक, वर वर चढत जाणारा सूर निघाला. डास कानाशी यावा तसा आधी, मग गिरणीच्या पट्ट्यासारखा. आणि बॉनेटखालून सगळ्या तांड्याला ओळखीची अशी शिट्टी झाली.

गाडी चढली. रुपाच्या हातातून सुटून जावी तशी चढली. मागच्या काचेतून संतरामचं वासलेलं तोंड दिसत होतं. शिट्टी एक झाली, दुसरी झाली, वर पोचेपर्यंत होतच राहिली. वरच्या अंगणातून कुणा बाईचा आवाज आला, "अगं, कुणाची डाळ करपून राहिली बघा!"

रुपाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. तिच्या हातात दगड तसाच होता. तिनं तो टाकून दिला.

थावरा सगळ्यांना वर उतरवून एकटा गाडी घेऊन खाली आला. बॉनेटच्या फटीतून थोडा निळा धूर येत होता, तिकडं त्यानं पाहिलं नाही. त्यानं मिराबाईसमोर गाडी थांबवली, उतरून पुढचं दार उघडलं आणि खांद्यावरच्या फडक्यानं सीट पुसली. आधीच पुसलेली सीट. एवढ्यानंच त्याला धाप लागली होती. कपाळावर घाम, ओठ जांभळट. त्यानं दाराला धरलं.

"बस," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी सरळ बोलत होता.

मिराबाईनं सीटकडं पाहिलं. मग दाराला धरलेल्या त्याच्या हाताकडं पाहिलं.

"न्हाई."

"अगं चढती. बघितलं न्हाई का? पाच जनं घिऊन चढली."

"बघितलं."

"मंग?"

"नांदेडला जाऊन या. मंग बसते."

"आधी तू बस, मंग जातो."

"मी बसले की तुमी जायचे न्हाई. वळखते मी."

ते खरं होतं, आणि थावराला ते माहीत होतं. रुपा पळसाच्या वळणावर उभी होती. रिपोर्ट, डॉक्टर, तारखा, रडणं, ओरडणं, सगळं करून ती थकली होती. मधे पडावं की न पडावं तिला कळेना, म्हणून ती पडली नाही.

"परत आल्यावर बसशील?" थावरानं विचारलं.

"बसन."

"दारापातुर?"

"दारापातुर."

"मधी उतरायचं न्हाई."

"न्हाई उतरत म्हनलं ना! जा आता, डोकं खाऊ नका." मिराबाईनं बाजाराची पिशवी मात्र सीटवर ठेवली, आणि ती नेहमीसारखी चालत निघाली. थावरा तिच्या पावलानं, अगदी हळू, गाडी चालवत मागं गेला. पिशवी एकटीच पुढं बसली होती. एवढ्या ओझ्याला शिट्टी होत नसे.

गुरुवारी तिघं एसटीनं नांदेडला गेले. जळबा म्हणाला होता, गाडी घेऊन जा. थावरा म्हणाला, नको, हेडखालून तेल येऊन राहिलं, आल्यावर बघतो. गाडी त्यानं तांड्यावर अंगणातच ठेवली, वर फाटकी ताडपत्री टाकली आणि चावी मिराबाईजवळ दिली.

वॉर्डात नर्सनं त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबायला सुरुवात केली तेव्हा तो उठून काट्याकडं पाहायला लागला.

"झोपून राहा, काका."

"दाब किती आला?"

"जास्त आहे."

"मंग शिट्टी लावा की."

नर्सला काही कळलं नाही. मिराबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसली, हे रुपानं पाहिलं. थावरानंही पाहिलं. त्या दिवशी दुपारभर तो खुशीत होता. शेजारच्या खाटेवरच्या वसराम नावाच्या कळमनुरीकडच्या शेतकऱ्याला तो हातवारे करून टर्बो समजावत राहिला. वसराम हां हां म्हणत झोपून गेला.

गुरुवारी त्याला नुसतं भरती करून घेतलं होतं, मोठी तपासणी शुक्रवारी दहाला होती. त्याआधीच, चहाचा कप हातात घेताघेता, थावरा गेला. डॉक्टरांनी छाती दाबली, सुया दिल्या, जे करायचं ते सगळं केलं. कप रुपानं धरला होता. तिनं तो बराच वेळ खाली ठेवला नाही, कारण ठेवायला जागा दिसत नव्हती.

परत येताना दवाखान्याच्या गाडीत मागं थावरा होता, आणि त्याच्या उशाशी बाकावर मिराबाई. रुपा तिच्या समोर. नाक्यावर जळबा आणि संतराम थांबले होते, आणखी पाच-सहा जण. ते सगळे आत चढले. गाडी तांड्याच्या वाटेला लागली, नाल्यात उतरली, आणि ड्रायव्हरनं गिअर बदलला.

मागचं दार उघडलं गेलं. संतराम उतरला. त्याच्या मागं जळबा. मग सगळे, एकामागून एक.

"अरे काय झालं?" नांदेडचा ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला. "उतरता काहून? बसा, बसा. चढती गाडी. याच्यापेक्षा मोठे घाट चढती."

आपण का उतरलो हे त्यांनाही उतरल्यावरच कळलं असावं. जळबानं टोपी काढून हातात घेतली. पण एकदा उतरलेलं माणूस परत चढत नाही, तसे ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रुपाही उतरली होती.

"मावशी, तुम्ही तरी बसून राहा," ड्रायव्हर म्हणाला.

मिराबाई बसूनच होती. तिनं एक हात खाटेच्या दांडीवर ठेवला होता. ती समोर बघत होती, आणि तिनं पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला होता, लग्नाला निघालेली बाई घेते तसा.

"चला," ती म्हणाली. "दारापातुर न्या. मधी थांबू नका."

दार लागलं. गाडी चढाला लागली. नवी गाडी होती. तिचा आवाजही बदलला नाही. पळसाचं झाड आलं आणि मागं गेलं. माणसं तिच्यामागं मुरुमावरून चालत राहिली, नेहमीच्या अंतरानं, नेहमीच्या पावलांनी.

वर अंगणात, ताडपत्रीखालच्या फियाटशेजारी, गाडी थांबली. लोक पुढं झाले. रुपानंही उचलायला हात पुढं केले, आणि तेव्हा तिला कळलं की ते मोकळे नाहीत. नाल्यापासून वरपर्यंत ती दगड घेऊन आली होती.